दुभाष्याची चार मिनिटं

लिसांद्रो मेनहीवारचा ट्रक एक जानेवारीला बंदराच्या यादीतून उडणार होता. ट्रकला काही झालेलं नव्हतं. इंजिन जुनं, धूर काळा, आणि राज्याचा नवा नियम सांगत होता की असल्या गाड्यांना आता बंदराच्या गेटातून आत सोडायचं नाही. गेट बंद म्हणजे कंटेनर नाही. कंटेनर नाही तर अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने करायचं काय? माझ्या टायरच्या दुकानात स्टुलावर बसून माझं डोकं खायचं. ते तो तसाही रोज खात होता म्हणा.

बॅटरीवरचा ट्रक घ्या, असं सांगणारे पुष्कळ. तीनशे गाड्यांच्या कंपन्या घेतीलही. एका गाडीचा धनी कुठून घेणार, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. म्हणून बंदराला लागून असलेल्या विल्मिंग्टनमधल्या आमच्या छोट्या ट्रकवाल्यांच्या आणि दुकानदारांच्या संघाने, गाड्यांच्या धुराचे नियम करणाऱ्या हवा मंडळाकडे अर्ज केला. संघाची सचिव मी, नोएमी. मागणी एकच: ज्याच्या नावावर एकच गाडी आहे आणि ती तो स्वतः चालवतो, त्याला पाच वर्षांची मुदत द्या.

मंडळाचे सभासद पाच. दोघे आमच्या बाजूचे, दोघे विरुद्ध. तीन महिने फोन करकरून एवढं मी काढलं होतं. पाचवी थॉर्नक्विस्ट बाई. डॉक्टर, पांढऱ्या केसांची, कुणाला थांग लागू देईल तर शपथ. तिच्या कचेरीतली एक मुलगी मला फोनवर एवढंच म्हणाली, "बाईंना आकडे पाठ आहेत. त्यांना माणूस दाखवा."

माणूस म्हणजे लिसांद्रो. चोवीस वर्षं एकच गेट, एकही अपघात नाही, कुणाशी वर आवाज नाही. आणि बोलायला लागला की समोरच्याच्या हातातली कॉफी गार होते. पण हीच तर पंचाईत! मंडळापुढे प्रत्येकाला दोनच मिनिटं मिळतात. समोर घड्याळ असतं, शून्यावर आलं की माईक बंद. दोन मिनिटांत लिसांद्रोचं रामराम-नमस्कारसुद्धा पुरं होत नाही.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. मीच केली, दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार नाही. नियम असा की ज्याला इंग्रजी येत नाही त्याला दुभाषी मिळतो, आणि वेळ दुप्पट. दुभाषी काचेच्या खोलीत बसून बोलता बोलताच अनुवाद करतो, सभासद कानातल्या यंत्रातून ऐकतात, म्हणजे भाषांतरात एक सेकंदही जात नाही. सरळ चार मिनिटं.

"पण मला इंग्रजी येतं, कोमाद्रे," लिसांद्रो म्हणाला.

कोमाद्रे म्हणजे मी. त्याची मुलगी सिओमारा बाप्तिस्म्याला माझ्या हातांवर होती, त्या दिवसापासून तो माझा कोम्पाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे. त्याआधी आम्ही मायदेशी, चालातेनांगोच्या एकाच गल्लीत वाढलेले, एकमेकांच्या झिंज्या ओढलेले, अरे-तुरेवाले. पण पोरीच्या डोक्यावर पाणी पडलं की आमच्यात अहो-जाहो सुरू होतं. भांडतानासुद्धा अहो म्हणूनच भांडायचं.

"येतं हो. नाही कोण म्हणतंय?" मी म्हटलं. "पण मंडळाला ते कुठे माहीत आहे?"

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं काय त्यात? बोलायचं ते सगळं खरंच. फक्त आपल्या भाषेत. आईच्या भाषेत बोलणं कधीपासून पाप झालं?"

त्याने खिशातला फडका काढला आणि स्वच्छ हात पुसत बसला. "दिवसभर कंटेनर ओढायचे आणि संध्याकाळी त्या शाळेत बाकावर बसायचं. गुडघे मावायचे नाहीत बाकात. बायको म्हणायची, अहो, झोपेत पण इंग्रजी बडबडता. एवढं करून शिकलो आणि आता सांगू, येत नाही म्हणून?"

"चार मिनिटं, कोम्पाद्रे! अहो, दोन मिनिटांत तुमचं खाकरणंसुद्धा होत नाही."

एरवी हसला असता. हसला नाही. मला त्याचा रागच आला. याची गाडी वाचवायला मी रक्त आटवतेय आणि हा मानापमान काढून बसलाय! मग मी तो शब्द वापरला जो वापरायला नको होता.

"सिओमाराला पाण्यावर मी धरलं होतं. इतक्या वर्षांत तुमच्याकडे काही मागितलंय?"

आमच्यात या वाक्याला उत्तर नसतं. हे म्हटल्यावर माणूस नाही म्हणत नाही, आणि शहाणा माणूस हे म्हणत नाही. लिसांद्रो स्टुलावरून उठला, फडक्याची नीट घडी केली.

"ठीक आहे," म्हणाला. "तुम्ही म्हणता तर."

सुनावणी गुरुवारी सकाळी नऊला. आम्ही एकोणीस जण संघाच्या निळ्या टोप्या घालून साडेआठलाच हजर. दारात कार्ड भरायचं: नाव, विषय, बाजूने की विरुद्ध, दुभाषी हवा का. लिसांद्रोचं कार्ड मीच भरलं. "हवा" वर मीच खूण केली. त्याने फक्त सही केली, ती करताना माझ्याकडे पाहिलं नाही.

समोरच्या बाजूला नियम हवा म्हणणारे लोक होते. परके कुठले? आपलेच, आपल्याच वस्तीतले. त्यातली फिदेलिना तर लिसांद्रोच्या गल्लीतली, दोन घरं सोडून. लिसांद्रोच्या आधी तिचा नंबर लागला. पिशवीतून तिने उशीचा पांढरा अभ्रा काढला आणि दोन्ही हातांनी वर धरला. एका दिवसापुरता दोरीवर वाळत घातलेला. मधोमध करडा पट्टा.

"हे माझ्या घरात येतं," ती म्हणाली. "मी रोज यावर झोपते."

थॉर्नक्विस्ट बाईने काहीतरी लिहून घेतलं.

"खरं बोलतेय ती," लिसांद्रो माझ्या कानाशी पुटपुटला.

"गप बसा हो! तुमच्या बाजूने कोण बोलणार मग?"

"मीच बोलणार ना."

नंबर पुकारला. लिसांद्रो पुढे गेला, कानात यंत्र घातलं, घड्याळावर चार मिनिटं उजळली. मी लिहून दिलेला कागद त्याच्या खिशातच राहिला. कागदावर तर सगळं होतं: इंजिनाची निगा, तेलबदल, चोवीस वर्षांची सेवा.

तो स्पॅनिशमध्ये बोलायला लागला. हळू, घरात बसून बोलावं तसं.

"माझी गाडी धूर सोडते. आत्ता त्या बाईने दाखवलं ते माझंच आहे, माझ्या बायकोच्या दोरीवरही तेच पडतं. पण तो धूर रस्त्यावर धावताना निघतो त्याहून जास्त उभं राहून निघतो. गेटावर मी चार चार तास रांगेत असतो. इंजिन बंद केलं तर रांग सरकते, मागचा पुढे घुसतो, माझा नंबर जातो. म्हणून चालू ठेवतो. गेल्या मंगळवारी साडेचार तास उभा होतो, गाडी हलली चारशे पावलं. मी मोजली. दुसरं काही करायला नव्हतं."

सभागृहात कुणीतरी हसलं, चांगल्या अर्थाने. खुर्च्यांची करकर थांबली.

"नवी गाडी मला मिळाली तर मी नको म्हणणार नाही. मला कुणी देत नाही. बँक माझं वय बघते. पाच वर्षं द्या. मग ही गाडी मी स्वतः भंगारात नेऊन घालीन, कुणी सांगायला नको."

घड्याळ शून्यावर आलं तेव्हा त्याचं वाक्य पुरं झालेलं होतं. चार मिनिटं! मी मनात म्हटलं, बघा, झालं की नाही? फिदेलिनासुद्धा मान हलवत होती. आता नुसतं ग्रासियास, धन्यवाद, म्हणायचं आणि खाली येऊन बसायचं. बस्स, एवढंच.

थॉर्नक्विस्ट बाईने कानातलं यंत्र काढलं आणि शेजारच्या अधिकाऱ्याकडे वळली. तिचा माईक चालूच होता. इंग्रजीत, अगदी सहज, हळू आवाजात म्हणाली, "ही सवलत खरोखर अशा माणसांपर्यंत पोचते का? कंपन्या आपल्याच गाड्या नुसत्या कागदोपत्री चालकांच्या नावावर चढवतात ना? या बिचाऱ्याला गाडी घेताना आपण कशावर सही केलीय हेही माहीत नसेल. हे सगळं कुणीतरी पढवून पाठवलेलं दिसतंय."

दुष्टपणाने म्हणाली असं नाही. उलट तिला त्याची कीव आली होती. काचेच्या खोलीतली दुभाषी थबकली. हे त्याला उद्देशून नव्हतंच, तिने भाषांतर करायचं तरी का? लिसांद्रोच्या यंत्रात तेवढा वेळ शांतता असणार.

मला त्याची मान मागून दिसत होती. ती हळूहळू लाल झाली. देवा, मी मनात म्हटलं, याला खाली बसव. तुम्हाला काही कळलेलं नाही, कोम्पाद्रे. काहीही कळलेलं नाही. या, बसा.

त्याने कानातलं यंत्र काढलं, समोरच्या फळीवर अलगद ठेवलं, आणि इंग्रजीत बोलला.

"बाई, मी कशावर सही केली ते मला माहीत आहे. कागद इंग्रजीतच होता. बावीस पानं. मी सगळी वाचली. गाडी माझी आहे, कुठल्या कंपनीने माझ्या नावावर चढवलेली नाही. तुम्ही म्हणता तसं होतं, ते खरं आहे. माझ्या ओळखीच्या तिघांनी न वाचता सह्या केल्या. त्यांना त्यांचे कागद मीच वाचून दाखवले, तेव्हा त्यांना कळलं की गाडी त्यांची नाहीच. तुम्हाला जे विचारायचं होतं ते मी सांगितलं असतं. मी इथे समोर उभा आहे. त्यांना का विचारलंत?"

थॉर्नक्विस्ट बाईचा चेहरा कानांपर्यंत तापला. मग आमच्या टोप्यांतून कुणीतरी टाळी वाजवली, मूर्ख कुठला, आणि पलीकडून कुणीतरी मोठ्याने हसलं, या वेळी वाईट अर्थाने.

अध्यक्ष हॉलबर्ट म्हातारा, नियमाने चालणारा. त्याने चष्मा काढला.

"तुम्हाला इंग्रजी येतं तर."

"येतं."

"दुप्पट वेळ भाषा न येणाऱ्यांसाठी असतो. तुम्हाला हे माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग हे कुणी करायला सांगितलं? तुमच्या संघाने?"

लिसांद्रोने मागे वळून पाहिलं नाही. मी दुसऱ्या रांगेत होते. उठून उभं राहायला किती वेळ लागतो? मी, नोएमी, जिचा आवाज ऐकून इन्स्पेक्टर गाडी वळवून परत जातो! एका श्वासाचं काम होतं. मी स्वतःला सांगितलं, संघाचं नाव आलं तर एकोणीस जणांचा अर्ज कचऱ्यात जाईल. हे पटण्यासारखं होतं म्हणून पटवून घेतलं. खरं सांगते, मी घाबरले. मूग गिळून बसले.

"कुणी नाही," लिसांद्रो म्हणाला. "मीच."

हॉलबर्टने मान हलवली, रागाने नाही, नाइलाजाने. "तर मग तुमची साक्ष नोंदीतून वगळावी लागेल. बसा तुम्ही."

तो आला, पण बसला नाही. टोपी काढून माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि मधल्या वाटेने दाराकडे चालू लागला. त्याला दोन वाजताचा कंटेनर उचलायचा होता, हे मला ठाऊक होतं. पण तेव्हा वाजले होते जेमतेम साडेअकरा.

मागे धावणार होते. पण तीन नंबर सोडून माझा नंबर होता. ती तीन माणसं काय बोलली, विचाराल तर एक शब्द सांगता येणार नाही. माझ्या हातात भाषण होतं, आमच्या रस्त्यावरच्या एकेचाळीस दुकानांचं: टायरवाले, रेडिएटरवाले, पुपुसा, म्हणजे भरलेल्या भाकऱ्या, विकणाऱ्या बाया, सगळे ट्रकवाल्यांवर जगणारे. चार रात्री जागून लिहिलेलं. त्या कागदाला माझ्या हाताचा घाम लागून अक्षरं फुटली होती.

माझं नाव पुकारलं. घड्याळावर दोन मिनिटं.

"मी या संघाची सचिव," मी म्हटलं. आवाज माझा वाटेना. "मेनहीवारांचं कार्ड मी भरलं. दुभाष्याची खूण मी केली. त्यांनी मला नको म्हणून सांगितलं होतं. मी त्यांच्या मुलीची धर्ममाता आहे, मी त्या नात्याचा धाक घातला, तेव्हा ते तयार झाले. मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हा उत्तर मी द्यायला हवं होतं. मी इथेच बसले होते."

मागून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. आमच्यातलंच.

"संघाला याची कल्पना होती?" हॉलबर्टने विचारलं.

"नव्हती. माझी एकटीची अक्कल. आजपासून मी सचिव नाही, हवं तर हेही लिहून घ्या. पण त्यांचे शब्द पुसू नका. पुसायचे तर माझे पुसा. मला बोलायचं होतं ते सगळं या कागदावर आहे, मी ते बोलत नाही."

घड्याळावर अजून पन्नास सेकंद होते. जन्मात पहिल्यांदा मी बोलायचा वेळ परत केला आणि खाली बसले. शेजारच्या खुर्चीवरची टोपी मांडीवर घेतली, उगाचच.

बराच वेळ पाचही जणांची कुजबुज चालली. मग थॉर्नक्विस्ट बाई म्हणाली, "ते गृहस्थ इंग्रजीत जे बोलले त्याला वेळेची सवलत लागलीच नव्हती. उत्तर माझ्या बोलण्याला होतं. तेवढं नोंदीत राहावं, असा माझा ठराव आहे." आणि थोडं थांबून म्हणाली, "आणि मी त्यांची माफी मागते, हेही राहावं." लिसांद्रो तिथे असता तर!

दुपारच्या जेवणानंतर मतदान झालं. थॉर्नक्विस्ट बाईने दुरुस्ती मांडली: पाच नाही, तीन वर्षं. आणि गाडी खरोखर त्या माणसाचीच आहे ना, हे प्रत्येकाचे कागद समोर बसून, त्याच्याच भाषेत, वाचून तपासायचं. एकेकाने हात वर केला. एक. दोन. तिसरा हात तिचा. तीन विरुद्ध दोन.

निळ्या टोप्या हवेत गेल्या. मोठमोठे बाप्ये रडले, एकमेकांना मिठ्या मारल्या. मला मिठी मारायला एक जणही आला नाही असं नाही, दोघे आले. बाकीच्यांनी लांबूनच हात केला. फिदेलिना जाताना थांबली आणि म्हणाली, "तीन वर्षं अजून मी धुवायचं म्हणजे." ती गेली.

मी बाहेर गाड्या लावतात तिथे आले आणि फोन लावला. पाचव्या घंटीला उचलला. मागे इंजिनाची घरघर. रांगेत होता.

"कोम्पाद्रे! झालं हो! तीन वर्षं. तुमची गाडी यादीत राहिली, एक जानेवारी गेली उडत!"

नुसती घरघर.

"ऐकताय ना? तुमच्या बोलण्यावरच झालं. त्या बाईने माफी मागितली, तुमची, सगळ्यांसमोर."

लांब कुठेतरी भोंगा वाजला.

"आणि मी सांगितलं त्यांना. सगळं सांगितलं. कार्ड मी भरलं, तुम्हाला मी भरीला घातलं, तुम्ही नको म्हणत होतात. तुम्ही निघून गेल्यावर सांगितलं. तेव्हाच सांगायला हवं होतं, माहीत आहे मला. चुकले मी. कोम्पाद्रे, अहो बोला की काहीतरी. शिव्या द्या. माझी आई काढा, काय वाटेल ते करा, पण बोला!"

मग तो बोलला. बंदराच्या गेटावर काचेमागे एक माणूस बसलेला असतो, कागद तपासतो आणि बोटाने पुढे जा म्हणतो. त्याच्याशी बोलायला आम्ही सगळेच एक आवाज राखून ठेवतो. स्वच्छ, गोड, एकही शब्द जास्त नाही, राग तर औषधालासुद्धा नाही. पन्नास वर्षांच्या ओळखीत लिसांद्रो माझ्याशी इंग्रजीत कधी बोलला नव्हता.

"थँक यू, मॅडम," तो म्हणाला. "हॅव अ गुड डे."